खा-खा सुटते तेव्हा: किराणा खरेदीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मला येणारे बहुतेक प्रश्न रात्री दहानंतर लिहिलेले असतात. अर्धा पुडा संपलेला असतो, उरलेला समोर असतो आणि स्वतःचाच राग आलेला असतो. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. दोन प्रश्न एकमेकांत गुंतले असतील तिथे फक्त क्रमांक दिला आहे.

१. खा-खा होते ती घरी, रात्री. तिचा किराण्याशी काय संबंध?

घरात पुडा असला की "खाऊ की नको?" हा प्रश्न संध्याकाळपासून झोपेपर्यंत दहा वेळा पडतो. नऊ वेळा नको म्हटलं तरी दहाव्यांदा पुडा फुटतोच. दुकानात हाच प्रश्न एकदाच पडतो, तोही अर्ध्या मिनिटापुरता. पाकीट ट्रॉलीत पडलं नाही, तर रात्री ते खायचं झाल्यास कपडे बदला, चप्पल घाला, बाहेर पडा, आणि एवढ्या कंटाळ्यापुढे बहुतेक तलफा टिकत नाहीत. मनावर ताबा नाही म्हणून स्वतःला बोल लावणाऱ्यांना मी आधी फडताळ उघडून बघायला सांगते. घर अगदी कोरडं ठेवा असं मात्र माझं म्हणणं नाही, त्याबद्दल प्रश्न ९.

२. ही भूक आहे की नुसती तलफ, हे कसं ओळखायचं?

भूक हळूहळू चढते आणि तिला काहीही चालतं. तलफ एकदम येते आणि तिला ठरावीकच काहीतरी हवं असतं. साधं जेवण समोर आलं तर खाल का, असं स्वतःला विचारा. उत्तर "हो" आलं तर ती भूक आहे, सरळ जेवा. "नाही, मला चिप्सच हवेत" असं आलं तर तलफ.

फरक कळून उपयोग काय? दोन्हींवरचे इलाज वेगळे आहेत. रोज पाचच्या सुमाराला खरीच भूक लागत असेल, तर तुमच्या यादीत पाचच्या खाण्याची सोयच नाही. तिथे संयम काही कामाचा नाही, सामान आणावं लागेल (प्रश्न १०).

३. उपाशीपोटी खरेदीला जाऊ नये म्हणतात. खरंच एवढा फरक पडतो का?

पडतो, पण या सल्ल्याच्या पाठीशी जे पुरावे सांगितले जातात ते सगळेच धड नाहीत. २०१३ साली 'जामा इंटर्नल मेडिसिन' या नियतकालिकात कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांचा एक छोटा अभ्यास आला होता. भुकेले लोक जास्त वस्तू घेत नाहीत, पण जास्त कॅलरीच्या वस्तू घेतात, असं त्यात म्हटलं होतं. तो जगभर गाजला. पुढे त्या गटाच्या कामाबद्दल शंका निघाल्या आणि २०१८ मध्ये तो लेख मागे घेतला गेला. तरी सल्ले देणारे अजून तोच पुढे करतात.

१९९८ साली प्रसिद्ध झालेला ॲम्स्टरडॅममधला अभ्यास मला जास्त पटतो. कचेरीत काम करणाऱ्यांना पुढच्या आठवड्यात कुठला खाऊ हवा ते आजच निवडायला सांगितलं होतं. निवडताना जे भुकेले होते त्यांनी अरबट-चरबट जास्त निवडलं. खाणार पुढच्या आठवड्यात, पण निवडत होती आजची भूक! किराणा भरताना आपण नेमकं हेच करतो.

त्यातला दुसरा धागाही कामाचा आहे. आठवडाभर आधी फळ निवडलेल्यांपैकी अनेकांनी खाऊ प्रत्यक्ष हातात पडायच्या वेळी मत बदललं. म्हणून आधी ठरवणं पुरत नाही, ठरवलेलंच तेवढं घरात असावं लागतं.

जेवून जाणं जमत नसेल तर निघण्यापूर्वी एखादं केळं किंवा मूठभर दाणे खा. कामावरून परतताना, थकलेल्या अवस्थेत "जाता जाता" केलेली खरेदी सगळ्यात वाईट, असा माझा अनुभव आहे.

४. यादी करते, तरी पाकिटं येतातच. यादीत काय चुकतं?

बहुतेक यादीत काही चुकत नसतं. मी एकदा महिन्याभराची सगळी बिलं जपून ठेवली आणि यादीत नसलेल्या प्रत्येक ओळीखाली लाल पेनने रेघ मारली. आठवड्याच्या मोठ्या खरेदीच्या बिलावर दोन-तीनच रेघा होत्या. "फक्त दूध आणायला" म्हणून मारलेल्या फेऱ्यांची बिलं मात्र लालेलाल. एका चिठ्ठीवर चार ओळी होत्या, त्यातली पहिली दुधाची आणि उरलेल्या तीन खाऊच्या. तेव्हा आधी फेऱ्या मोजा. त्या कमी केल्या की अर्धं काम होतं, कारण जितक्या वेळा दुकानात शिराल तितक्या वेळा नाही म्हणायची परीक्षा द्यावी लागते.

यादीपुरतं सांगायचं तर ती स्वयंपाकघरात उभं राहून, डबे उघडून करा. सोफ्यावर बसून केलेल्या यादीत घरात असलेलंच पुन्हा येतं आणि नसलेलं राहून जातं. राहिलेल्यासाठी मग फेरी. दुसरं म्हणजे खाऊसाठी एक ओळ मुद्दाम ठेवा आणि नेमकं नाव लिहा. "काहीतरी खायला" असं लिहिलंत तर ते "काहीतरी" दुकान ठरवेल.

५. दुकानात नेमकं कुठे फसायला होतं?

तीन जागा लक्षात ठेवा. शिरल्या-शिरल्या, रांगांच्या टोकाला आणि पैसे भरायच्या रांगेत. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२२ पासून मोठ्या दुकानांना जास्त साखर, मीठ, चरबी असलेला बराचसा माल ठेवायला बंदी केली गेली ती याच जागांवर. सरकारला कायदा करावासा वाटला, यावरून जागेचा जोर कळतो. शेवटच्या रांगेत तर तुम्ही थकलेले असता, हात रिकामे असतात आणि खाऊ हाताच्या अंतरावर असतो. तिथे मोबाइल बघा. एरवी मी हा सल्ला कुणाला देत नाही.

डोळ्यांच्या पातळीवरचा फळीचा भाग सगळ्यात मोलाचा असतो. साधा, बिनझगमगाटाचा माल पुष्कळदा खाली वाकून घ्यावा लागतो. मुलांचा खाऊ मात्र मुलांच्या डोळ्यांसमोर.

आणि ट्रॉली. ती १९३७ साली ओक्लाहोमा सिटीतल्या सिल्व्हन गोल्डमन या दुकानदाराने आणली. हातातली टोपली जड झाली की गिऱ्हाईक खरेदी थांबवतं, हे त्याने हेरलं होतं. आपण ते उलटं करू शकतो. थोडंच घ्यायचं असेल त्या दिवशी टोपली उचला. हात दुखायला लागला की आपोआप बिलाकडे वळता.

६. पाकिटावर इतकं बारीक लिहिलेलं असतं. त्यातलं काय वाचू?

पुढची बाजू सोडून द्या, ती जाहिरात आहे. पाकीट उलटं करा आणि तीन गोष्टी बघा.

पहिली, घटकांची यादी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात, म्हणजे जे सगळ्यात जास्त ते सगळ्यात आधी. पहिल्या तिनात साखर असेल तर नाव काहीही असो, ती मिठाई आहे. इथे एक चलाखी असते. साखर एकाच नावाने लिहिली तर ती पहिली येईल, म्हणून थोडी साखर, थोडा ग्लुकोज सिरप, थोडा इन्व्हर्ट सिरप, थोडा डेक्स्ट्रोज अशी वाटणी झालेली दिसते. प्रत्येकाचा हिस्सा लहान, म्हणून सगळे मागच्या बाकांवर. मनात बेरीज करून बघा.

दुसरी, १०० ग्रॅममागचे आकडे. दोन पाकिटांची तुलना याच रकान्यावरून करा. "एका वाढणीत" हा रकाना फसवा असतो, कारण वाढणी किती मोठी हे पाकीट ठरवतं. तीन बिस्किटांची वाढणी धरून छापलेला आकडा छोटाच दिसणार. तुम्ही तिनावर थांबता का?

तिसरी, साखरेचे ग्रॅम. चार ग्रॅम म्हणजे साधारण एक चहाचा चमचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीनुसार वरून घातलेली साखर, मध, सिरप, फळांचे रस या सगळ्यांतून मिळणारी साखर दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी, ५ टक्क्यांच्या आत आली तर आणखी चांगलं. २००० कॅलरी खाणाऱ्यासाठी हे अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होतात, म्हणजे बारा आणि सहा चमचे. पाकिटावर २० ग्रॅम दिसले की पाच चमचे डोळ्यांसमोर आणा. घरी एकदा खरेच पाच चमचे बशीत काढून बघा, तो ढीग विसरला जात नाही.

७. "बेक्ड", "मल्टिग्रेन", "शुगर फ्री" लिहिलेलं घेतलं तर चालेल ना?

चालेल, पण त्या शब्दावर विसंबून नाही. "मल्टिग्रेन" म्हणजे अनेक धान्यं, अख्खी धान्यं नव्हेत. पाच धान्यांचा चिमूट-चिमूट अंश आणि बाकी मैदा असू शकतो. "बेक्ड"मध्ये तेल सहसा कमी असतं, मीठ किंवा साखर कमी असेलच असं नाही. "साखर घातलेली नाही" अशा पाकिटात फळांच्या रसाचा अर्क असू शकतो आणि गोडीच्या हिशेबात तो साखरच. "शुगर फ्री" बिस्किटांत पीठ आणि तूप-तेल असतंच. त्यांत साखरेऐवजी माल्टिटॉलसारखा गोडी आणणारा पदार्थ असेल तर जास्त खाल्ल्यावर पोटात गुबारा धरतो.

या शब्दांचा खरा धोका वेगळाच आहे. "हे चालतं" असं वाटलं की हात सैल सुटतो आणि चारऐवजी आठ खाल्ली जातात. आकडे कसे पडताळायचे ते प्रश्न ६ मध्ये आहे.

८. मोठं पाकीट स्वस्त पडतं. तरी छोटंच घ्यायचं?

डाळ-तांदूळ मोठं घ्या. खाऊ छोटा घ्या. मोठं पाकीट दर ग्रॅममागे स्वस्त असतं, पण महिनाभर पुरायचं ते आठवड्यात संपलं तर स्वस्ताई कुठे राहिली? "एकावर एक फुकट"चंही तेच. फुकटातला पुडा खाऊनच संपवायचा असतो.

मोठंच घ्यावं लागलं तर घरी आल्या-आल्या, पिशवी ओट्यावर असतानाच, छोट्या डब्यांत वाटून टाका. "नंतर करू" म्हटलं की पाकीट उघडून त्यातूनच खाणं सुरू होतं आणि पाकिटात हात घालून खाणाऱ्याला तळ लागेपर्यंत अंदाज येत नाही. चिप्सच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ५३०-५५० कॅलरी असतात, म्हणजे एका जेवणाइतक्या.

९. त्यापेक्षा आवडीचं सगळं बंदच केलं तर?

पहिला आठवडा छान जातो. मग एखादा वाईट दिवस येतो आणि बंद केलेलं सगळं एकाच बैठकीत भरून निघतं. मुलांवरच्या प्रयोगांतही, १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, समोर दिसणाऱ्या पण मना केलेल्या खाऊकडे मुलांचं लक्ष वाढलेलं आढळलं. मोठी माणसं फार वेगळी नसतात.

माझा नियम असा: आठवड्याला एक खरी आवडती वस्तू, छोट्या आकारात, यादीत नाव लिहून. एकच प्रकार. चार चवींची चार पाकिटं आणली की एका चवीचा कंटाळा आल्यावर दुसरी उघडली जाते, आणि जीभ दर वेळी नव्याने भुकेली होते. आणि ती वस्तू खरोखर आवडती असू द्या. नावडती "हेल्दी" बिस्किटं सहा खाऊन मग चॉकलेट खाण्यापेक्षा सरळ दोन तुकडे चॉकलेट खाल्लेलं परवडतं.

१०. मग तोंडात टाकायला आणायचं तरी काय?

आधी तुमच्या तलफेचा पोत ओळखा. कुरकुरीत हवं असणाऱ्याला मऊ केळं दिलं तर तो केळंही खाईल आणि चिप्सही. कुरकुरीतला पर्याय कुरकुरीतच हवा: भाजलेले दाणे, कढईत फोडलेला पॉपकॉर्न, काकडी, गाजर, सफरचंद. गोडाला पिकलेलं फळ, दह्यात फळ, खजूर. खारट-आंबटाला लिंबू-मीठ लावलेलं काहीही. पाचची भूक खरी असेल तर प्रथिनं लागतात: उकडलेलं अंडं, दही, पनीर, दाणे, मोड आलेली कडधान्यं. नुसतं फळ खाऊन तासाभरात पुन्हा डबे उघडायला लागणाऱ्यांनी फळासोबत दाणे घेऊन बघावेत.

दाण्यांची एक गोम आहे. बदाम, काजू, शेंगदाणे चांगलेच, पण ३० ग्रॅममध्ये १७०-१८० कॅलरी असतात. बरणीतून येता-जाता खायचा हा पदार्थ नाही. वाटीत काढा, बरणी बंद करा.

अतिप्रक्रिया केलेल्या पाकीटबंद पदार्थांबद्दल इतकी चर्चा का होते, त्याला एक ठोस कारण आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत २० जणांना दाखल करून दोन आठवडे असं अन्न आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं, हवं तेवढं खायची मुभा ठेवली. वाढलेल्या जेवणातली साखर, चरबी, मीठ, तंतू जुळते ठेवले होते. तरी पाकीटबंद आठवड्यांत लोकांनी रोज सरासरी ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या. हा अभ्यास २०१९ चा. वीसच माणसं होती, पण त्यांचा घास न् घास मोजला गेला होता.

११. उत्साहाने फळं-भाज्या आणते आणि त्या सडतात. मग पुन्हा बिस्किटं.

कारण बिस्किटं खायला पुडा फाडला की झालं, आणि गाजर धुवावं, सोलावं, चिरावं लागतं. थकल्या जिवाला हे सांगू नका. आणलेल्यातलं निम्मं त्याच दिवशी धुऊन, चिरून, पारदर्शक डब्यात फ्रीजच्या मधल्या कप्प्यात समोर ठेवा. तळाच्या ड्रॉवरमध्ये गेलेली काकडी पुढच्या रविवारी द्रवरूपात भेटते.

आणि कमी आणा. पहिल्या आठवड्यात दोनच प्रकार.

१२. मी सगळं ऑनलाइन मागवतो. मला हे लागू नाही ना?

अर्धं लागू आहे. वास नाही, पैसे भरायची रांग नाही, यादी शोधून टाकता येते, हे सगळं तुमच्या बाजूने. पण "आणखी थोडं घ्या, पोचवण्याचे पैसे माफ" ही ओळ आली की भर घालायला खाऊच आठवतो. त्यासाठी साबण, मीठ, तेल असं टिकणारं काहीतरी मुद्दाम बाकी ठेवा आणि भर त्याची घाला.

काही मिनिटांत घरपोच देणारी ॲपं मात्र प्रश्न १ मधला सगळा हिशेब मोडतात. चप्पल घालायचा कंटाळाच राहत नाही. रात्री मागवायची सवय असेल तर ॲप काढून टाका, निदान त्यात जपून ठेवलेलं कार्ड पुसा. सोळा आकडे टाइप करताना बरीच तलफ ओसरते.

१३. मी नीट खरेदी करते, पण नवरा आणि मुलं पाकिटं आणतात.

घरातल्यांना उपदेश करून कुणी सुधारल्याचं माझ्या पाहण्यात नाही. जागेची वाटणी करा. त्यांचा खाऊ एका अपारदर्शक डब्यात, तुमच्या हाताला सहज न येणाऱ्या फळीवर. आमच्याकडे तो डबा इतका उंच आहे की स्टूल ओढावं लागतं आणि स्टुलाचा तो कर्रर्र आवाज रात्री सगळ्या घराला ऐकू जातो. एवढा आवाज मला पुरतो.

मुलांना दुकानात नेत असाल तर आत शिरण्यापूर्वी ठरवा: एक वस्तू, तुझ्या आवडीची, बदलायची असेल तर पहिली परत फळीवर. रडारड झाली की देणं आणि मग पुढच्या वेळी नाही म्हणणं, हे दोन्ही मिळून मुलाला एकच शिकवतात, की जोरात रडावं.

१४. दिवसभर ठीक असतं, रात्रीच का सुटतं?

दुपारचं जेवण बघा आणि झोप बघा. शिकागो विद्यापीठात २००४ साली बारा निरोगी तरुणांवर एक प्रयोग झाला. दोन रात्री चार-चार तास झोप मिळाल्यावर, दहा तासांच्या रात्रींच्या तुलनेत, पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन हे संप्रेरक १८ टक्क्यांनी घटलं, भूक चेतवणारं घ्रेलिन हे संप्रेरक २८ टक्क्यांनी वाढलं. ओढ गोड, खारट आणि पिष्टमय पदार्थांची होती. म्हणून जागरणाच्या दुसऱ्या दिवशी मोठी खरेदी करू नका. रात्रपाळी करणाऱ्यांनी पाळीत खायचा डबाही यादीत धरावा, नाहीतर पहाटे तीनला खाऊ विकणाऱ्या यंत्रातून जे पडेल तेच खावं लागतं.

१५. चॉकलेटची तलफ म्हणजे शरीरात मॅग्नेशियम कमी, हे खरं का?

बहुधा नाही. १९९४ साली संशोधकांनी चॉकलेटची ओढ असलेल्यांना कधी चॉकलेट दिलं, तर कधी कोकोतले घटक भरलेल्या कॅप्सूल. कॅप्सूलने ओढ शमली नाही, चॉकलेटने शमली. कोकोचा गर नसलेल्या पांढऱ्या चॉकलेटनेही थोडी शमली. हवी असते ती चव आणि तोंडात विरघळणं. मॅग्नेशियम हवं असतं तर दाणे आणि पालेभाजीही आठवली असती.

पाळीच्या आधीच्या आठवड्यात अनेकींची ओढ वाढते. तो आठवडा माहीत असतो, तेव्हा त्या यादीत आवडतं थोडं जास्त धरा आणि अपराधी वाटून घेऊ नका.

अपवाद एक, आणि तो महत्त्वाचा. बर्फ, माती, खडू, कच्चं पीठ असलं काही सतत खावंसं वाटत असेल तर तो लोहाच्या कमतरतेचा इशारा असू शकतो. गरोदरपणात तर विशेष. रक्त तपासून घ्या.

१६. मी इन्सुलिन घेतो. घरात गोड ठेवायचंच नाही का?

ठेवायचंच. साखर उतरली तर लगेच चढवणारं काहीतरी घरात, खिशात, गाडीत हवं. साधारण १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर घेऊन १५ मिनिटांनी पुन्हा तपासतात. नेमकं प्रमाण डॉक्टरांकडून लिहून घ्या. त्यासाठी ग्लुकोजच्या गोळ्या किंवा पूड घ्या, चॉकलेट नको, कारण त्यातल्या चरबीमुळे साखर चढायला वेळ लागतो. दुसरा फायदा असा, की ग्लुकोजची गोळी कुणी चव म्हणून खात नाही, त्यामुळे गरजेच्या वेळी डबा रिकामा सापडत नाही.

स्टिरॉइड आणि काही मानसिक आजारांवरच्या औषधांनी भूक वाढते. औषध सुरू झाल्यावर खा-खा वाढली असेल तर डॉक्टरांना सांगा, मनाने औषध थांबवू नका.

१७. घरात एकही पाकीट नाही. तरी रात्री साखरेच्या डब्यात चमचा घालून खाते. आता काय आणू नको?

काही आणायचं थांबवू नका. हा प्रश्न दर महिन्याला कुणीतरी विचारतं आणि बहुतेकदा विचारणाऱ्याने दिवसभरात फारच कमी खाल्लेलं असतं. सकाळी चहा, दुपारी थोडीशी भाजी, संध्याकाळी काही नाही. मग रात्री शरीर मिळेल ते ओरबाडतं. अशा वेळी यादी आखडायची नसते, वाढवायची असते: पोटभर दुपारचं जेवण आणि पाचचं खाणं (प्रश्न २ आणि १०). दोन आठवडे एवढंच करा.

पोटभर जेवूनही हे होत असेल, खाताना थांबताच येत नसेल, लपून खाल्लं जात असेल, नंतर उलटी काढावीशी किंवा दुसऱ्या दिवशी उपाशी राहावंसं वाटत असेल, तर यादी बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना भेटा. तिथे गेल्यावर साखरेच्या डब्याची गोष्ट आहे तशी सांगा. लोक ती गाळतात आणि नुसतं "वजन वाढलंय" म्हणून सांगतात, मग समोरचा डाएटचा कागद देऊन मोकळा होतो.